सुट्टीवर की ड्युटीवर?

महिन्याभरापूर्वी मेसच्या दाराशेजारच्या नोटीस बोर्डावर एक रंगीत पोस्टर लागलं. मागे बर्फाचे डोंगर, पुढे हसणारी पोरं, आणि मध्ये हातात खडू घेतलेला आपल्याच वयाचा एक मुलगा. खाली लिहिलेलं - 'या सुट्टीत परदेशात शिकवा! सहा आठवडे. सर्टिफिकेट मिळेल.' त्या दिवसापासून माझ्या रूमवर रांग लागली आहे. कारण २०२४ च्या मे-जूनमध्ये, सेकंड इयरची परीक्षा आटोपून, मी हेच करून आलोय हे सगळ्या विंगला माहीत आहे. "कसं होतं रे? जावं का? एसओपीत चालतं का?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. जर्नल सोडून दुसरं काही लिहायची संधी आपल्याला तशीही कमीच मिळते.

आधी खरं काय ते सांगतो. मी समाजसेवेच्या ओढीने वगैरे गेलो नव्हतो. आमच्या बॅचचे दोघं जण इंटर्नशिपला लागले होते, माझं कुठेच जमलं नव्हतं, आणि 'परदेशात शिकवलं' ही ओळ बायोडाटावर वजनदार दिसेल असं एका सीनियरने सांगितलं होतं. थोडंफार काहीतरी चांगलं करावं असंही मनात होतं, नाही असं नाही. पण ते दुसऱ्या नंबरवर. एका एजन्सीकडे तीस हजार भरले (नाव सांगत नाही, विचारू नका), घरी "प्रोजेक्ट आहे" म्हणून सांगितलं आणि गोरखपूरची गाडी पकडली. गोरखपूरहून बसने सुनौली, पायी सीमा ओलांडायची, मग बुटवल, नारायणघाट, मुग्लिन करत गोरखा बाजार. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही, त्यामुळे 'परदेश' इतका सहज सुरू झाला की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचंही मी विसरलो. पहिल्याच दिवशी शाळेत उशिरा पोचलो.

गोरखा जिल्हा म्हणजे २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचं केंद्र. बारपाक त्याच जिल्ह्यात. ७.८ तीव्रतेचा धक्का, सुमारे नऊ हजार माणसं गेली. भूकंप झाला तो शनिवार होता आणि नेपाळात शनिवारी शाळेला सुट्टी असते. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण त्या रिकाम्या होत्या. नुसता वार वेगळा असता तर काय झालं असतं, हा विचार तिथल्या प्रत्येक शिक्षकाच्या बोलण्यात एकदा तरी येतो. मी ज्या शाळेत होतो तिची जुनी इमारतही दगड-मातीची होती आणि तीही पडली होती. नवी इमारत बघून मला स्थापत्यचा विद्यार्थी म्हणून फार बरं वाटलं. खिडकीखाली आणि लिंटेलला आडवे पट्टे, कोपऱ्यात सळ्या, छप्पर हलकं. १९९३ ला किल्लारीत दगड-मातीच्या भिंतींनी काय केलं ते आपण पुस्तकात वाचतो. इथे मुलं त्यातून उठून नव्या भिंतीत बसली होती.

असो. मुद्दा शिकवण्याचा.

हेडसरांनी स्वागत केलं, गळ्यात फुलांची माळ घातली आणि "इंडियाबाट इन्जिनियर सर आउनुभयो" असं जाहीर करून सहावी-सातवीचं गणित माझ्या हवाली केलं. मी इंजिनियर नव्हतो, एम-थ्री कशीबशी सुटलेला पोरगा होतो. पण नाही म्हणायला जीभ वळली नाही. त्या वर्गांना सतरा वर्षं गणित शिकवणारे सर त्या सहा आठवड्यांसाठी खालच्या वर्गांवर गेले. ते माझ्याकडे बघून हसले, खडूचा डबा हातात दिला आणि गेले. त्या हसण्यात काय होतं हे कळायला मला चार महिने लागले.

लिपी आपलीच, देवनागरी, त्यामुळे मी खुशीत होतो. फळ्यावर तारीख वाचली - '२०८१ जेठ'. विक्रम संवत! क्षणभर वाटलं सीमा ओलांडताना सत्तावन्न वर्षंही ओलांडली. पुस्तक उघडलं तर धड्याचं नाव 'भिन्न'. मी विचार करतोय, कशापासून भिन्न? तर भिन्न म्हणजे अपूर्णांक. दशांश म्हणजे दशमलव, त्रिकोण म्हणजे त्रिभुज, नफा-तोटा म्हणजे नाफा-नोक्सान, आणि आपल्या मसावि-लसाविचे म.स. आणि ल.स. झालेले. अक्षरं ओळखीची असली की भाषा आली असं वाटतं, तिथेच माणूस फसतो. मी हिंदीत थोडं नेपाळी कालवून शिकवायचो आणि शेवटी विचारायचो, "बुझ्यौ?" म्हणजे समजलं का. सगळा वर्ग एका सुरात, "बुझ्यौँ सर!" मी खूश. खरं तर त्यातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा नेपाळीही नव्हती, गुरुङ होती. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत १२४ मातृभाषा नोंदल्या आहेत. म्हणजे त्या पोरांसाठी नेपाळी ही दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी आणि माझी हिंदी बहुधा चौथी. आपल्याकडे गोंडी किंवा कोरकू बोलणारं मूल मराठी शाळेत पहिल्यांदा बसतं तेव्हा त्याचं काय होत असेल, हे मला गोरख्यात जाऊन कळलं.

आता माझा 'पराक्रम'. सर अपूर्णांकांची बेरीज फार सावकाश शिकवत होते. कागदाच्या पट्ट्या, घड्या, मग ल.स., मग छेद सारखे करणं. माझ्या मते हा वेळेचा अपव्यय होता. मी दुसऱ्याच तासाला फुलपाखरू पद्धत सांगितली - तिरके गुणाकार करा, बेरीज करा, खाली छेदांचा गुणाकार. आपण क्लासमध्ये शिकलो तीच. दहा मिनिटांत सगळा वर्ग बेरजा करायला लागला. पोरं टाळ्या वाजवत होती. मागच्या बाकावरची मुलगी, जी कधीच बोलत नसे, ती फळ्यापाशी येऊन गणित सोडवून गेली आणि मग रोज पहिल्या बाकावर बसायला लागली. मला वाटलं, हेच ते! सतरा वर्षांत जमलं नाही ते मी दोन तासांत केलं.

गावात एक आजोबा होते, भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले. तिकडे अशांना 'लाहुरे' म्हणतात. एके काळी तिथले तरुण रणजितसिंहांच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जायचे, तेव्हापासूनचा हा शब्द. महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर ते म्हणाले, "पुणा? खडकी?" आणि स्वतःच खुलले. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चहा असायचा. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात, गावातली निम्मी तरुण मंडळी आखातात नाहीतर मलेशियात. एकदा त्यांनी अगदी सहज विचारलं, "बेटा, छुट्टी पे आया है या ड्यूटी पे?"

मी म्हटलं, "ड्यूटी पे."

ते म्हणाले, "तो फिर तेरा रिलीव्हर कौन है?"

मी हसलो. मला वाटलं आजोबा गंमत करतायत. फौजी माणूस पहारा सोडतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा उभा असतो, आणि जाताना त्याला सगळं समजावून देतो. माझ्या जागी जूनच्या शेवटी कोण उभं राहणार होतं? तेच सर, ज्यांना मी सहा आठवड्यांत एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही कुठपर्यंत आला होतात आणि पुढे कसं नेणार आहात.

शेवटच्या दिवशी रडारड, फुलं, टिका, फोटो. त्या मुलीने विचारलं, पुन्हा कधी येणार? मी म्हटलं, पुढच्या वर्षी. अगदी सहज, आपण मित्राला "भेटू रे" म्हणतो तसं.

दसैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, मी सरांना शुभेच्छांचा फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, मुलं काय म्हणतात? सर थोडे थांबले. मग म्हणाले, पहिल्या परीक्षेत १/२ + १/३ + १/६ अशी बेरीज घातली होती. उत्तर १ येतं. अर्ध्या वर्गाने ११/३६ लिहिलं. मी फोनवर असतानाच कागदावर करून बघितलं. फुलपाखराला दोन पंख असतात, इथे संख्या तीन. पोरांनी तिसरा पंख स्वतःच जोडला, ३ अधिक ६ अधिक २, खाली २ गुणिले ३ गुणिले ६. अर्ध्यात दोन गोष्टी मिळवल्या आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, तरी कुणाला खटकलं नाही. कारण अपूर्णांक म्हणजे काय हे कळायच्या आधीच मी त्यांना उत्तर काढायला शिकवलं होतं. कागदाच्या पट्ट्या त्यासाठीच होत्या. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सजिलो बाटो बिर्साउन गाह्रो भयो, सर." सोपी वाट विसरायला लावणं अवघड गेलं. पुढचे कित्येक तास त्यांना माझं शिकवलेलं पुसण्यात घालवावे लागले.

आणि जाता जाता म्हणाले की ती मुलगी वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहून ठेवते. इंडियाचे सर आले की विचारायचे म्हणून.

मित्रांनो, यानंतर मी या विषयावर थोडं वाचलं, कारण फार लाज वाटत होती. अमेरिकेची पीस कोअर १९६१ साली सुरू झाली आणि १९६२ पासून, मधली काही वर्षं वगळता, तिचे स्वयंसेवक नेपाळात काम करत आले. त्यांची मुदत किती, माहीत आहे? सत्तावीस महिने. त्यातले पहिले तीन प्रशिक्षणाचे, भाषा शिकण्यासकट. आपलं पोस्टर सांगतं सहा आठवडे! म्हणजे त्यांचं प्रशिक्षण संपायच्या आधी आपलं सर्टिफिकेट छापून तयार. आणि एवढं करूनही या सगळ्या प्रकारावर टीका झाली. एप्रिल १९६८ मध्ये इव्हान इलिच नावाच्या विचारवंताने, मेक्सिकोतल्या गावागावांत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरच भाषण केलं. सारांश असा की तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य, पण तेवढ्याने तुम्हाला इथे उपयोगाचं काही येतं असं होत नाही. बघायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. बोलावलेल्या पाहुण्याने यजमानांना असं सुनवायला हिंमत लागते. मला ते पन्नासहून जास्त वर्षं उशिरा ऐकू आलं.

याहून वाईट गोष्टीही आहेत. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी स्वयंसेवकांच्या पैशावर अनाथालयं उभी राहिली आणि त्यातल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं उघड झालं. शिकवायच्या नावाखाली खेड्यातून मुलं आणायची आणि पाहुण्यांना दाखवायची. आमच्या गावात असलं काही नव्हतं. पण पैशाचं गणित मीही विचारलं. माझ्या तीस हजारांतून शाळेला काय मिळालं? हेडसरांनी कपाट उघडून दाखवलं - मार्करचे दोन खोके. शाळेत पांढरा बोर्ड नव्हता, काळा फळा होता.

आता तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. "काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं ना?" हे वाक्य मीही खूप वापरलं. पण तिथे 'काहीच' नव्हतं असं नव्हतंच. तिथे सतरा वर्षांचा अनुभव असलेले सर होते आणि मी आल्यामुळे ते बाजूला झाले. कमी होती ती विज्ञानाच्या शिक्षकाची. ती मंजूर जागा, तिकडच्या शब्दात 'दरबन्दी', रिकामी होती आणि विज्ञानही गणिताचे सरच घेत होते. अशा वेळी फुकटचे पाहुणे शिक्षक येत राहिले तर काय होतं? वर्गात कुणीतरी उभं दिसतं, आणि जागा भरा म्हणून गावाने पालिकेत जाऊन भांडायची निकड कमी होते.

उलट बाजूने बघा. उद्या आपल्या एम-थ्रीच्या तासाला सर बाजूला करून एखाद्या श्रीमंत देशातला सेकंड इयरचा पोरगा सहा आठवड्यांसाठी उभा केला, त्याला मराठी येत नाही, आपला सिलॅबस माहीत नाही, आणि तो तासाला आपले फोटो काढतोय. आपण काय करू? दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग प्रिन्सिपल सरांच्या केबिनबाहेर असेल. मग जे आपल्याला चालणार नाही ते गुरुङ पोरांना का चालावं? गरीब आहेत म्हणून?

म्हणजे सगळं वायाच गेलं का? नाही. एक गोष्ट टिकली, आणि ती मी ठरवून केलेली नव्हती. स्टाफरूममध्ये विज्ञान साहित्याची एक पेटी पडून होती, भूकंपानंतर कुठल्याशा मदतीतून आलेली. माहितीपत्रक इंग्रजीत, म्हणून कुणी हात लावला नव्हता. एका शनिवारी पाऊस लागला, डोंगरावर जाता येईना, म्हणून मी आणि सर ती पेटी उघडून बसलो. भिंगं, चुंबकं, तारा, एक मल्टिमीटर. दिवसभर आम्ही दोघंच. मला मल्टिमीटर येत होता, त्यांना त्यातलं काय कुठल्या इयत्तेत कसं दाखवायचं ते येत होतं. त्यांनी प्रत्येक वस्तूला नेपाळीत चिठ्ठी लावली. ती पेटी आजही वापरात आहे. मल्टिमीटरची बॅटरी संपली तेव्हा सरांचा फोन आला होता कुठली घ्यायची विचारायला. सहा आठवड्यांत शिकवलेले तास पुसावे लागले आणि सुट्टीच्या एका दिवसाचं काम राहिलं. का? कारण त्या दिवशी मी वर्गापुढे नव्हतो. जो तिथे राहणार आहे त्याच्या शेजारी बसलो होतो.

माझं मत यातूनच बनलं आहे, पटलं तर घ्या. नेपाळला जरूर जा. पण सहा आठवड्यांसाठी कुणाचा वर्ग मागू नका. शाळेला आधी विचारा काय हवंय, आणि उत्तर 'काही नको' असं आलं तर तेही ऐका. एजन्सीला पैसे द्यायच्या आधी विचारा की शाळेला किती पोचतात. मुलांचे फोटो त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नका, माझ्या मोबाइलमध्ये चारशे आहेत आणि विचारून काढलेला एकही नाही. व्हिसा-परवानगी बघा, आपल्याला व्हिसा लागत नाही, पण इतर देशांतून टूरिस्ट व्हिसावर येणाऱ्यांना तिथे बिनपगारी कामाचीही मुभा नाही, हे त्या रंगीत पोस्टरवर लिहिलेलं नसतं. आणि खरंच शिकवायचंच असेल तर टीच फॉर इंडियासारख्या कार्यक्रमात पूर्ण दोन वर्षं द्यायची तयारी ठेवा. नेपाळातही तसा कार्यक्रम आहे, तिथे त्यांचेच तरुण खेड्यात जातात.

सोशल सेलच्या सरांनाही एक विनंती. या वर्षी वीस मुलं पाठवायचा बेत आहे असं ऐकतो. त्याआधी नव्या हॉस्टेलच्या बांधकामाकडे एकदा बघूया. तिथे काम करणाऱ्यांची दहा-बारा पोरं वाळूच्या ढिगावर दिवसभर असतात. काही तेलुगू बोलतात, काही छत्तीसगढी. एनएसएस १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तास आपण कागदावर भरतोच. आठवड्यातून दोन संध्याकाळी, जवळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना विचारून, दोन वर्षं सलग. आपण पास आउट होताना ज्युनियर्सना सगळं समजावून द्यायचं. याला बर्फाचे डोंगर नाहीत, एसओपीतही ओळ छोटीच होईल. पण रिलीव्हर असेल.

या सुट्टीत मी पुन्हा गोरख्याला जाणार आहे, स्वतःच्या खर्चाने, दहा दिवस. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, पाहुणे म्हणून या, वर्ग मी घेईन. मी मागच्या बाकावर बसणार आहे. ती मुलगी आता आठवीत आहे. शेवटच्या पानावरचे प्रश्न अजून आहेत की पान फाडलं गेलं, माहीत नाही. असतील तर तिला म्हणणार आहे, सरांना विचारूया, मीही ऐकतो.

आणि लाहुरे आजोबांना त्यांच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर द्यायचंय. तेव्हा मी सुट्टीवर होतो. ड्युटीवर असलेल्या माणसाला मीच खाली पाठवलं होतं.

- अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी